'गोरेपणा' गेला, 'ब्राइटनिंग' आलं!



गोऱ्या रंगाच्या वेडाविषयी आपण आपसात बोलतो, तेव्हा बहुधा भूतकाळात बोलतो. ती आपल्या आईच्या पिढीची, भारतातली, टीव्हीवरच्या जाहिरातींतली गोष्ट. आपण शिकलो, परदेशी आलो आणि त्यातून सुटलो, असा आपला समज. म्हणून एक साधा प्रश्न विचारते. आपल्या इथल्या घरांत 'ब्राइटनिंग', 'रेडिअन्स', 'ग्लो', 'इव्हन टोन' असं लिहिलेल्या किती बाटल्या आहेत? माझ्या ओळखीच्या मराठी मंडळींत तरी अशी एकही बाटली नसलेलं घर विरळाच. आणि आता त्या फक्त बायकांच्या कप्प्यात नसतात, पुरुषांच्याही असतात.

माझ्या घरात हा विषय निघाला तो माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीमुळे. वाढदिवसाला तिनं एक सीरम मागितलं. किंमत अडतीस डॉलर! मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत क्वालिटी कंट्रोलचं काम करते, त्यामुळे घटकांची यादी वाचणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. 'हे सगळं थोतांड आहे' असं तिला सांगून मोकळं होणं सोपं होतं. पण न तपासता एखाद्या गोष्टीला थोतांड म्हणणं हेही आपल्या विवेकवादात बसत नाही. तेव्हा मी सहा महिने ही प्रसाधनं स्वतःच्या चेहऱ्यावर वापरून पाहिली. त्यातून जे कळलं आणि त्यावरून जे मत झालं, ते आपल्यापुढे ठेवते आहे.

नाव बदललं, रसायन तेच

आधी थोडा इतिहास. हिंदुस्तान लीव्हरची 'फेअर अँड लव्हली' भारतात आली १९७५ साली. पुरुषांना वंचित ठेवणं बरं नव्हे म्हणून इमामीनं २००५ मध्ये 'फेअर अँड हँडसम' आणली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही, मग ट्यूब आणि मग दोन्ही, या धाटणीच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जाहिरातक्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेनं, म्हणजे 'अ‍ॅस्की'नं, २०१४ साली नियम केला की सावळ्या रंगाची माणसं दुःखी किंवा अपयशी दाखवू नयेत. नियम झाला, क्रीम राहिली.

मग आलं २०२०. मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि साऱ्या अमेरिकेत लोक रस्त्यावर उतरले. त्याचे पडसाद थेट मुंबईतल्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत उमटले. जूनच्या अखेरीस 'फेअर' हा शब्द काढायचं जाहीर झालं आणि 'फेअर अँड लव्हली'ची 'ग्लो अँड लव्हली' झाली. जॉन्सन अँड जॉन्सननं आशियात विकल्या जाणाऱ्या दोन गोरेपणाच्या मालिका बंद केल्या. लॉरिआलनं 'व्हाइटनिंग', 'फेअर' हे शब्द सोडायचं ठरवलं. त्याच महिन्यात, अमेरिकेत राहणाऱ्या एका भारतीय स्त्रीनं सुरू केलेल्या सह्यांच्या मोहिमेनंतर, शादी डॉट कॉमवरून त्वचेच्या रंगानुसार स्थळं निवडण्याची सोय काढली गेली. हे आपल्यासारख्याच परदेशस्थांनी घडवून आणलं, याचा आनंद जरूर मानावा.

पण पुढची गंमत पाहा. त्या जुन्या ट्यूबमधला एक महत्त्वाचा घटक होता नायसिनमाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. माझ्या मुलीनं मागितलेल्या, काचेच्या देखण्या ड्रॉपरवाल्या बाटलीतला मुख्य घटक कोणता? नायसिनमाइडच! एकाला आपण मागासलेपणाची खूण म्हणून नाकं मुरडली आणि दुसऱ्याला 'स्किनकेअर' म्हणून अडतीस डॉलर मोजले.

'ब्राइटनिंग' हा शब्दही फार हुशारीनं निवडलेला आहे. १९३८ सालापासून चालत आलेल्या अमेरिकन कायद्यानुसार जी वस्तू दिसण्यात फरक करते ती प्रसाधन, आणि जी शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्याचा दावा करते ते औषध. औषध म्हटलं की एफडीएपुढे पुरावे आले. प्रसाधनाला विक्रीपूर्वी अशी मंजुरी लागत नाही. म्हणून बाटलीवर 'डाग जातात' असं न लिहिता 'डागांचं दिसणं कमी होतं' असं लिहिलेलं असतं. 'मेलॅनिन कमी करतो' म्हटलं तर पंचाईत, 'तेज आणतो' म्हटलं की सगळं माफ. तेज मोजायचं कशानं?

सहा महिने, चार बाटल्या

पद्धत साधी ठेवली. एका वेळी एकच प्रसाधन, आणि तेही फक्त डाव्या गालावर. उजवा गाल तुलनेसाठी मोकळा. सकाळी सनस्क्रीन मात्र दोन्ही गालांना. दर रविवारी त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो. शेवटी ते फोटो प्रयोगशाळेतल्या दोन सहकाऱ्यांना दाखवले आणि कोणती बाजू हे न सांगता विचारलं की फरक दिसतो का. शिवाय रंगाच्या दुकानातून भिंतींच्या रंगाचं शेड कार्ड आणलं आणि पहिल्या दिवशी दंडाच्या आतल्या बाजूशी जुळणारी पट्टी शोधून ठेवली. नवरा म्हणाला, "घर रंगवायचंय की तुला?"

हे विज्ञान समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. आपल्या त्वचेच्या तळाशी मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात आणि त्याच्या पुड्या किती मोठ्या असतात यात. टायरोसिनेज नावाचं विकर हे मेलॅनिन बनवायला लागतं. तयार झालेल्या पुड्या वरच्या पेशींकडे सोपवल्या जातात आणि महिन्याभरात किंवा थोड्या जास्त दिवसांत त्या पेशी झडून जातात. बाजारातल्या बहुतेक 'ब्राइटनिंग' घटकांचं काम यातल्याच कुठल्यातरी टप्प्यावर चालतं. व्हिटॅमिन सी, कोजिक आम्ल, आर्ब्युटिन, अझेलेइक आम्ल हे त्या विकराच्या कामात अडथळा आणतात. नायसिनमाइड पुड्यांची पोचवणी कमी करतं. एवढंच. म्हणून दोन-तीन आठवड्यांत चमत्कार सांगणारी कोणतीही बाटली संशयास्पद समजावी.

पहिलं व्हिटॅमिन सीचं सीरम, पंधरा टक्क्यांचं, आठ आठवडे. हे जीवनसत्त्व मोठं नाजूक असतं. त्वचेत शिरायला त्याला आम्लता लागते, आणि हवा व उजेड लागला की ते बिघडतं. माझी बाटली सातव्या आठवड्यात चहासारखी दिसायला लागली. फोटो पाहून एक सहकारी म्हणाला डावा गाल, दुसरी म्हणाली उजवा. दुसरं नायसिनमाइड पाच टक्के, आठ आठवडे. त्वचा कमी तेलकट झाली असं मला वाटलं, पण फरक दोघांनाही दिसला नाही. तिसरं अझेलेइक आम्ल दहा टक्के, आठ आठवडे. पहिले दहा दिवस मुंग्या चावल्यासारखं झालं, पण पुळ्यांचे जुने डाग डाव्या गालावर फिके झाल्याचं दोघांनीही अचूक ओळखलं. चौथा कोजिक आम्लाचा साबण. कोजिक आम्ल हे जपानमध्ये तांदूळ आंबवायला वापरतात त्या बुरशीपासून मिळतं. साबण सुंदर होता, पण बाराव्या दिवशी गाल लाल होऊन सालं निघायला लागली आणि मी तो बंद केला.

आणि उजव्या गालाचं काय? जिथे सनस्क्रीनखेरीज काहीच लावलं नव्हतं, तिथलेही डाग सहा महिन्यांत बरेच फिके झाले होते. म्हणजे माझ्या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त काम केलं ते कुठलंही 'तेज' न कबूल करणाऱ्या सनस्क्रीननं. आपल्यासारख्या त्वचेला, विशेषतः वांग असेल तर, दिसणाऱ्या प्रकाशानंही डाग वाढतात. तिथे लोह ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडतं. पांढरट थर न देणारं सनस्क्रीन आपल्या रंगाला शोधावं लागतं, ही अडचण मात्र खरी आहे.

शेड कार्डाची पट्टी? तीच! दंडाच्या आतल्या बाजूला जो रंग असतो तो आपला जन्माचा रंग. उन्हानं, पुळ्यांनी, वांगानं चेहऱ्यावर त्याच्याहून जे अधिक चढतं, तेवढंच या बाटल्यांनी थोडंफार उतरू शकतं. त्याखाली जायचा सभ्य रस्ता नाही.

एका माणसावरचा प्रयोग म्हणजे सिद्धान्त नव्हे, हे मला कळतं. पण अशा बाटल्यांवर वर्षाला काही शे डॉलर घालवण्यापूर्वी अर्धा चेहरा मोकळा ठेवून पाहणं कुणालाही जमेल.

जे खरोखर 'चालतं', त्याची भीती

आता मुद्द्याचं. ज्या क्रीमनं आठवड्यात रंग उजळतो, ती क्रीम प्रसाधन नसते. माझ्या नात्यातली सांगलीकडची एक मुलगी लग्न ठरल्यावर पार्लरमधून मिळालेली बिननावाची क्रीम लावत होती. महिनाभर सगळे खूश. क्रीम थांबवली की चेहरा लाल, आग, केस उगवलेले, पुरळ उठलेलं. म्हणून पुन्हा क्रीम. त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर कळलं की तीत स्टिरॉइड होतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना असे चेहरे इतके दिसतात की त्यांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलं आहे. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्या औषधांची नावं. एक्झिमासारख्या रोगावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती मोलाची आहेत, गोरं होण्यासाठी नाहीत. भारत सरकारनं २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइडयुक्त मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश काढला. पण आदेश आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान यांत किती अंतर असतं, ते आपण जाणतोच.

दुसरं हायड्रोक्विनोन. वांगावर ते डॉक्टर देतात, ठरावीक मुदतीसाठी. मनमानी वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर काळे डाग पडू शकतात आणि ते घालवणं महाकठीण. अमेरिकेत २०२० च्या कायदाबदलानंतर ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. वर्णद्वेषाच्या राजवटीचे चटके खाल्लेल्या दक्षिण आफ्रिकेनं तर १९९० सालीच अशा प्रसाधनांवर बंदीचे नियम केले.

तिसरा, आणि सगळ्यात वाईट, पारा. पारा मेलॅनिन खरोखर थांबवतो आणि मूत्रपिंडही. २०२३ साली अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी वर्तमानपत्रांत आली: मुलगी, आई आणि बहीण अशा तिघींची मूत्रपिंडं एकाच क्रीममुळे बिघडली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते.

हे तिकडचं आहे असं समजू नका. अशी क्रीम इथल्या देशी दुकानांच्या मागच्या फळीवर असते, ऑनलाइन मिळते, आणि आपल्याच सामानातूनही येते. एफडीए एक साधी खूण सांगते. ज्या डबीवर चांदी, सोनं, अ‍ॅल्युमिनियम किंवा दागिन्यांना लागू देऊ नका असं लिहिलं आहे, तीत पारा असण्याचा संभव आहे. जिच्यावर घटकांची यादीच नाही, ती तर घरात घेऊच नये. आणि पाऱ्याची क्रीम एकटीनं लावली तरी त्याची वाफ आणि टॉवेल घरातल्या तान्ह्या बाळापर्यंत पोचतात.

आपला रंग आणि आपला पासपोर्ट

आता कुणी म्हणेल, डाग घालवणं वेगळं आणि गोरं होणं वेगळं. मान्य. वांगाचा त्रास होणाऱ्या बाईनं उपचार घेतले तर तिला कुणी टोमणा मारू नये. मी स्वतःही अझेलेइक आम्ल पुढे वापरते आहे, पुळ्यांसाठी. माझा आक्षेप बाटलीवर नाही, बाटलीमागच्या बोलण्यावर आहे. गरोदर बाईला केशर-दूध, बाळाला डाळीच्या पिठाचं उटणं, का? तर रंग उजळतो! सुट्टीत भारतात उतरल्या उतरल्या मुलांना पहिलं वाक्य काय ऐकू येतं? "किती काळवंडलीस गं!" इथे सॉकर खेळणाऱ्या मुलीला आपणच टोपी देताना म्हणतो, "काळी होशील." कॅन्सरचं नाव आपण घेत नाही. स्थळांच्या जाहिरातींत 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' ही चढती-उतरती भाजणी अजून चालू आहे. आपला विठोबा सावळा चालतो, सून चालत नाही. माझ्या मुलीनं एकदा विचारलं, "आई, उजळायचं म्हणजे आत्ता मी काय आहे?" मी तिला उत्तर दिलं, पण तो प्रश्न तिच्या डोक्यात यावा, एवढं आपण सगळ्यांनी मिळून केलेलं होतं.

अमेरिकेतल्या आपल्यासाठी तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९२३ साली भगतसिंग थिंद यांचा खटला इथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेव्हाच्या कायद्यानुसार नागरिकत्व 'गोऱ्या' माणसाला मिळे. थिंद यांच्या बाजूनं युक्तिवाद झाला तो असा की ते उच्च जातीचे आर्य आहेत, म्हणून गोरेच. तो कायदाच अन्याय्य आहे असा नव्हे. आम्ही त्यात बसतो असा! न्यायालयानं एकमतानं तो फेटाळला आणि त्यानंतर आधी मिळालेली अनेक भारतीयांची नागरिकत्वंसुद्धा काढून घेतली गेली. गोरेपणाच्या दारात जाऊन उभं राहण्याचं फळ त्यांना असं मिळालं. दार उघडलं ते दुसऱ्याच वाटेनं. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण वर्षाला शंभर जणांनाच येता येत होतं. १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला तो काळ्या अमेरिकनांनी मार खाऊन, तुरुंग भोगून लढलेल्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेत. आपण बहुतेक जण त्याच दारातून इथे आलो. ज्यांनी ते दार उघडलं, त्यांच्या रंगापासून जितकं दूर जाता येईल तितकं बरं, असं म्हणणारी बाटली आपल्या घरात असावी का?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक कुणाला अर्पण केलं, हे आपल्यापैकी बरेच जण अभिमानानं सांगतात: अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्या माणसाला जात आणि वर्ण यांचं नातं दिसलं होतं. आपण इथे राहून ते विसरावं हे शोभत नाही. गोरा म्हणजे वरच्या जातीचा आणि काळा म्हणजे खालच्या, हे समीकरण तर शास्त्रालाही मान्य नाही. त्वचेचा रंग फिका करणारा एसएलसी२४ए५ या जनुकाचा एक प्रकार युरोपात जवळजवळ सर्वत्र आहे, तो दक्षिण आशियातही पसरलेला आहे आणि दोहोंचा उगम एकच, असं हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. एकाच घरातल्या दोन बहिणींत एक गोरी, एक सावळी निघते ती याच पत्त्यांच्या पिसण्यातून. आणि सावळा रंग ही उणीव नाही. उष्ण प्रदेशातल्या तीव्र उन्हापासून शरीरातलं फोलेट वाचवणारं ते निसर्गाचं काम आहे, असं मानववंशशास्त्रज्ञ नीना जब्लॉन्स्की यांनी मांडलं आहे.

मग करायचं काय? मोर्चा काढायची गरज नाही. चार गोष्टी सुचवते.

एक, सुट्टीत भारतात जाताना नातेवाइकांसाठी 'ब्राइटनिंग' प्रसाधनं नेऊ नयेत आणि तिकडून क्रीम आणू नयेत. भेट द्यायचीच तर चांगलं सनस्क्रीन द्या.

दोन, आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत आणि वधूवर-मेळाव्यांच्या अर्जांत रंगाचा रकाना असेल, तर तो काढायला लावा. जिथे आपण कार्यकारिणीवर आहोत, तिथे हे एका बैठकीत होण्यासारखं काम आहे.

तीन, आपल्यात जे डॉक्टर आणि औषधशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी येत्या आरोग्य शिबिरात रक्तदाब-साखरेच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावं: घरातली क्रीम घेऊन या, घटक वाचून देतो. मी स्वतः बसायला तयार आहे.

चार, आणि हे सगळ्यात अवघड. कुणी आपल्यासमोर मुलाच्या रंगावर बोललं, मग त्या सासूबाई असोत की मावशी, तर हसून विषय बदलू नये. तिथल्या तिथे, मूल ऐकत असताना, शांतपणे म्हणावं, "आमच्याकडे रंगावर बोलत नाहीत."

माझ्या मुलीला मी वाढदिवसाला सीरम दिलं नाही. सनस्क्रीन दिलं, आणि माझ्या सहा महिन्यांच्या फोटोंची फाइल दिली. तिनं फाइल पूर्ण पाहिली, सनस्क्रीन चिकट आहे म्हणून तक्रार केली, आणि ते सीरम स्वतःच्या पैशांनी घेईन असंही सांगितलं. घेऊ दे. फक्त अर्धा गाल मोकळा ठेवायचं तिनं कबूल केलं आहे.

आपलं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, विशेषतः वांगावर उपचार घेतलेल्या मैत्रिणींनी. आणि आरोग्य शिबिराच्या त्या टेबलावर माझ्या शेजारी कोण बसणार, तेही कळवा.